बारावी रांग

७ सप्टेंबर

प्रिय खारू,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे पत्र न फोडता ड्रॉवरमध्ये टाकलं असतंस, म्हणून पत्ता तुझ्या भाऊजींकडून लिहून घेतलाय. त्यांचं अक्षर बघून माणसाला वाटतं डॉक्टरची चिठ्ठी आली, आणि ती कोणीही उघडतंच. आता उघडलंच आहेस तर वाचून टाक.

तीन वर्षं आपण का बोललो नाही ते तुला माहीत आहे आणि मलाही. त्यावर आज लिहीत नाही. माझं काम वेगळं आहे. मी गोधडी शिवायच्या वर्गाला जाते.

हसून झालं की पुढे वाच. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब चढलाय, हाताला काहीतरी शांत काम द्या. मी म्हटलं, मी दिवसभर पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात बसून 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं लिहिते, याहून शांत काम कोणतं? लोक तिकडे कोरड्या नळाखाली बादली लावून बसलेले आणि मी इकडे पंख्याखाली दिलगीर. त्यांना पटलं नाही.

वर्ग दर शनिवारी सकाळी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतो. दोन लांब टेबलं, चार शिलाई मशिनं, एक इस्त्री आणि आम्ही आठजण. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. बुटक्या, चष्मा गळ्यात दोरीला, खिशात कायम टाचण्या. त्या कोणालाही रागवत नाहीत. नुसतं 'छान' म्हणतात. 'छान' ऐकलं की समजायचं, सगळं उसवायचं आहे. काम खरोखर चांगलं असलं तर त्या तोंडातून चकार शब्द काढत नाहीत, फक्त कापडावरून हात फिरवतात. मला आतापर्यंत अकरा 'छान' मिळालेत.

माझ्या डाव्या हाताला क्रेनवाले काका बसतात. चाळीस वर्षं बंदरात क्रेन चालवून निवृत्त झाले आणि आता दोन इंचांचे त्रिकोण जोडतात. म्हणतात, "ताई, वीस टनांचा डबा जहाजावर ठेवायचा किंवा हा तुकडा इथे ठेवायचा, श्वास तोच रोखायचा असतो." उजव्या हाताला दातांची डॉक्टरीण. तिचे टाके इतके बारीक की कापडाला कळतही नसेल. मध्ये मी.

टाके उसवायचं ते टोकदार छोटं हत्यार असतं ना, त्याला वर्गात सगळे 'पश्चात्ताप' म्हणतात. पहिल्या दिवशी मला कोणी सांगितलं नव्हतं. काका शांतपणे म्हणाले, "जरा तुमचा पश्चात्ताप द्या हो, माझा घरी राहिला." मी गोरीमोरी झाले. मला वाटलं, यांना कोणी सांगितलं?

तर प्रश्न असा आहे. माझे कोपरे जुळत नाहीत. चार चौकोन जिथे भेटतात तिथे चौघांची तोंडं चार दिशांना, घरच्या ग्रुप फोटोसारखी. बाई म्हणतात, 'छान.' तू काय करायचीस? एवढंच कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

ताई


२८ सप्टेंबर

प्रिय खारू,

तुझं कार्ड मिळालं. वर 'प्रिय' नाही, खाली नाव नाही, मध्ये दीड ओळ: 'एका रांगेची माया डावीकडे दाबून इस्त्री कर, खालच्या रांगेची उजवीकडे. मग जोड.' मी ते वर्गात वाचून दाखवलं. शिवणीच्या आत पाव इंच कापड सोडतात त्याला माया म्हणतात हे मला महिन्यापूर्वी ठाऊक नव्हतं, आणि आता मी त्यावर आठ लोकांसमोर व्याख्यान देते. कोपरे जुळले. बाईंनी 'छान' म्हटलं नाही. हात मात्र अजून फिरवलेला नाही.

मला माहीत होतं तू उत्तर देशील. माणसावर तू तीन वर्षं रागवू शकतेस, पण कुठेतरी कोणीतरी चुकीचं शिवतंय हे कळल्यावर तुला झोप लागत नाही. पाचवीत असताना शाळेच्या पडद्याची खालची दुमड वाकडी आहे म्हणून तू मधल्या सुट्टीत तो उसवायला घेतला होतास, आणि मुख्याध्यापक आत आले तेव्हा त्यांच्या हातात एक टोक देऊन म्हणालीस, 'जरा धरा.' चिंध्या साठवतेस म्हणून तुझं नाव खारू पडलं खरं, पण तेव्हाच बदलून 'मुकादम' ठेवायला हवं होतं.

माझी पहिली कलाकृती पूर्ण झाली. टेबलावर टाकायचा तुकडा. चौकोनी व्हायचा होता, झाला होडीच्या आकाराचा. तुझ्या भाऊजींनी तो गोल फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, "वरची बाजू कोणती?" मी म्हटलं, "जिकडे तुमचं लक्ष नाही ती." आता त्यावर ते चहाचा कप ठेवतात आणि कप दर वेळी होडीच्या टोकावर ठेवतात. हा योगायोग नाही.

मग परवा बाईंनी फर्मान काढलं. प्रत्येकाने घरातली एक जुनी, हाताने शिवलेली गोधडी आणायची. "जुनी गोधडी उलटी करून बघितली की शिवणारी काय विचार करत होती ते कळतं," म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "आमच्या घरी नाही."

खोटं बोलले, खारू. आमच्या घरी आहे.

आता लिहूनच टाकते. पहिल्या पत्रात 'त्यावर लिहीत नाही' म्हटलं होतं ते मागे घेते, सरकारी परिपत्रकासारखं. घर बदलायच्या दिवशी सामानवाले म्हणाले, फ्रिजला जिन्यात ओरखडे येतील, काहीतरी जाड द्या. मी पलंगावरून हाताला आलं ते दिलं. हाताला आली ती तू दोन वर्षं शिवलेली गोधडी. त्यांनी ती फ्रिजला गुंडाळून दोरीने करकचून बांधली आणि तीन मजले खाली उतरवली. खालचं टोक भिंतीला घासत होतं, पायऱ्यांवरून फरफटत होतं. तू मदतीला म्हणून थर्मासमधून चहा घेऊन वर येत होतीस. दुसऱ्या मजल्यावर तुमची गाठ पडली. तुझी आणि फ्रिजची.

तू भिंतीला टेकून फ्रिजला वाट करून दिलीस. तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी वरून ओरडून म्हणाले, "मजबूत निघाली गं तुझी गोधडी, फ्रिजला ओरखडासुद्धा नाही."

सामानवाले हसले. मला बरं वाटलं. कोणी हसलं की मला नेहमी बरं वाटतं, हा माझा जुना आजार आहे. तू थर्मास पायरीवर ठेवलास आणि खाली निघून गेलीस.

थर्मास अजून माझ्याकडे आहे. झाकण घट्ट बसतं.

ताई


१९ ऑक्टोबर

प्रिय खारू,

गेल्या पत्राला उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. आमच्या कार्यालयात याला 'पोहोचले असे गृहीत धरण्यात येते' असं म्हणतात. मी गृहीत धरलंय.

रविवारी वर्गाची सहल गेली होती, गोधड्यांच्या प्रदर्शनाला. दोन तास बसने. बसमध्ये दातांच्या डॉक्टरणीने सगळ्यांना गोळ्या वाटल्या, बिनसाखरेच्या. क्रेनवाले काका पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला वळणं सांगत होते.

प्रदर्शनाचा हॉल म्हणजे विमान ठेवायची जागा असावी एवढा. वरून दोनशे गोधड्या टांगलेल्या आणि खाली शेकडो बायका, आणि आमचे काका. तुला तिथली रीत माहीत असेलच, मला नवीन होती. कोणीही गोधडीकडे समोरून बघत नाही. सरळ जाऊन पांढरे हातमोजे घातलेल्या बाईला गाठायचं आणि म्हणायचं, "जरा मागची बाजू दाखवता?" ती बाई कोपरा दोन बोटांनी उचलते आणि पाच डोकी एकदम वाकतात. पुढची बाजू सगळ्यांची सुंदर असते, मागची बघितली की कोण किती पाण्यात आहे ते कळतं. माझा वर्षानुवर्षांचा समज होता की दुसऱ्याची उलटी बाजू बघायची विद्या फक्त मला येते. तिथे आजीबाईसुद्धा त्यात पारंगत होत्या, आणि बघून झाल्यावर त्या काही खोचक बोलत नव्हत्या. "इथे दमली असेल बिचारी," एवढंच म्हणत होत्या.

पहिलं बक्षीस मिळालेल्या गोधडीपुढे एक बाई वीस मिनिटं उभी होती. शेवटी म्हणाली, "चांगली आहे." तिच्या मैत्रिणीने विचारलं, "पण?" ती म्हणाली, "पण काही नाही, तेच तर खुपतंय." अशी माणसं मला फार आवडतात. मी तिच्याशी ओळख करून घेतली.

प्रत्येक गोधडीखाली कार्ड होतं. शिवणारीचं नाव, कापड, आणि 'लागलेले तास'. मी एकापुढे थांबले. निळी होती, मध्येमध्ये पिवळी, तुझ्या गोधडीशी मिळतीजुळती. कार्डावर लिहिलं होतं: तास, नऊशे चाळीस.

तुझ्या गोधडीला कार्ड नव्हतं. तू ती कागदी पिशवीत घालून आणलीस, माझ्या मांडीवर ठेवलीस आणि म्हणालीस, "बघ आवडते का." मी उलगडली आणि पहिलं वाक्य बोलले, "लांबीला जास्त झालीय गं. मोजायला चुकलीस, की कापड उरलं होतं?" तू म्हणालीस, "हो, चुकले."

नऊशे चाळीसला आठने भागून बघितलं. एकशे साडेसतरा दिवस, रोज आठ तास, सुट्टी न घेता. आमच्या कार्यालयात एवढं काम कोणी एका वर्षात केलेलं नाही.

काका शेजारी येऊन उभे राहिले. "काय झालं, ताई?" "डोळ्यांत धागा गेला," म्हटलं. ते म्हणाले, "हो, इथे फार उडतात." आणि खिशातून रुमाल काढून दिला. चौकडीचा, चारही कडा हाताने दुमडून शिवलेला.

आता आणखी एक कबुली. मला रक्तदाब नाही. डॉक्टरांकडे मी गेलेच नव्हते. मी वर्गाला गेले कारण गेल्या उन्हाळ्यात मी कपाटाच्या वरच्या खणातून ती गोधडी काढली, दुरुस्त करायला शिंप्याकडे नेली, आणि त्याने ती उलटसुलट करून माझ्याकडे असं पाहिलं की मी तशीच परत आणली. म्हटलं, ज्याने केलं त्यानेच निस्तरावं. ते तुला पहिल्याच पत्रात लिहायचं होतं. पण मी माफी मागायला बसले की हात आपोआप 'दिलगीर आहोत' लिहायला लागतो. बावीस वर्षांची सवय आहे.

ताई


९ नोव्हेंबर

प्रिय खारू,

नेली. वर्गात नेली.

टेबलावर पसरली तर एकदम सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या. फाटलेल्या भागाकडे आधी कोणी बघितलंच नाही. डॉक्टरीण कोपरे मोजत होती. काका एका शिवणीवरून बोट नेत नेत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले. बाईंनी चष्मा लावला आणि दोन्ही तळवे गोधडीवर ठेवले. मग हळूच हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. मी तीन महिने त्या हाताची वाट बघतेय आणि तो तुला मिळाला, तू वर्गात नसताना.

खाली पोहोचल्यावर हात थांबला. "हे कशाने?"

मी म्हटलं, "कोणीतरी फ्रिजला गुंडाळली होती."

काका उसळले. "कुठल्या गाढवाने?"

"आहे माझ्या ओळखीतलं."

"आणि आतला भराव असा गोळा कशाने झाला?" बाईंनी विचारलं.

"त्याच गाढवाने नंतर मशिनमध्ये धुतली. गरम पाण्यात."

डॉक्टरीण दाढ काढायला सांगावी तशा आवाजात म्हणाली, "त्यांना इथे घेऊन या एकदा." मी म्हटलं, "येतात ते. दर शनिवारी येतात." काकांनी खुर्ची ओढून मला दिली आणि म्हणाले, "मी एकदा डबा समुद्रात टाकलाय. भरलेला."

बाईंचा निकाल असा. आतला भराव वाया गेलाय, तो काढून नवा घालायला हवा. म्हणजे अस्तर सोडवायचं आणि सगळे टाके उसवायचे. वरचा जोडलेला भाग मात्र अखंड ठेवायचा. "आणि फाटक्या टोकापासून सुरू करायचं नाही," म्हणाल्या. "चांगल्या बाजूने आत शिरायचं. हात बसला की मग जखमेला हात लावायचा."

म्हणून वरून सुरुवात केली. पहिल्या रांगेचं अस्तर बाजूला केलं, आणि खारू, आत तू होतीस.

शिवणींच्या मायेवर पेन्सिलीने लिहिलेलं. बाई म्हणाल्या, रांगांचे आकडे असतील, बऱ्याचजणी घालतात, गोंधळ होऊ नये म्हणून. आकडा होताच. त्याच्यापुढे बारीक अक्षरात: 'रांग १. ताईला सांगितलेलं नाही. सांगितलं तर रंग सुचवेल.'

मी मोठ्याने वाचलं. वर्ग हसला. मीसुद्धा.

'रांग २. निळे सगळे तिच्या आवडीचे. पिवळा माझ्या. तिने आयुष्यात थोडा पिवळा सोसावा.'

'रांग ३. ताई फोनवर म्हणाली, चांगलं कापड फाडायचं आणि परत जोडायचं, हा छंद आहे की शिक्षा? हसले. मग दोन तास उसवत बसले.'

'रांग ४. बोट शिवलं. हा डाग रक्ताचा. ताई, तेव्हा तू बोलत होतीस, फोन खांद्यावर होता.'

'रांग ५. ताईचा वाढदिवस. तयार नव्हती म्हणून रुमाल दिले. म्हणाली, एवढ्या रुमालांत रडायला माझ्याकडे कारणं नाहीत.'

'रांग ६. पिवळा फार झाला. राहू दे.'

क्रेनवाले काका हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसले. डॉक्टरीण म्हणाली, "जीभ खानदानी दिसते." मी म्हटलं, "नाही, माझी खानदानी आहे. तिची जास्त चांगली आहे, लपवून ठेवली होती." मला काय वाटलं सांगू? जळले. माझी धाकटी बहीण इतकी खोचक लिहू शकते आणि तिने ते सगळं कापसाखाली पुरून ठेवलं. मी एखादा बरा विनोद सुचला तर तीन लोकांना फोन करते.

सहा रांगा झाल्या. पाच उरल्यात. आता घरी करतेय, जेवणाच्या टेबलावर. तुझे भाऊजी दुसरं टोक धरून बसतात आणि मला पश्चात्ताप पुरवतात.

ताई


३० नोव्हेंबर

प्रिय खारू,

सगळ्या उसवून झाल्या.

नववीपर्यंत मी मजेत होते. सातव्या रांगेत तू तुझ्या इस्त्रीला शिव्या दिल्यास, आठवीत भाऊजींच्या अक्षराला. (त्यांनी ते स्वतः वाचलं आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हिचं.") नवव्या रांगेत लिहिलंय: 'कधी वाटतं हिच्यासाठी कशाला डोळे फोडायचे. मग आठवतं, मी दवाखान्यात होते तेव्हा एकवीस दिवस रोज येऊन मोठ्याने पेपर कोण वाचायचं, आणि प्रत्येक बातमीला नावं ठेवायचं. शेजारच्या खाटेवरची बाई घरी जायला तयार नव्हती.'

त्या बाईला मी विसरलेच होते. पुढे काय झालं ऐकायला म्हणून दोन दिवस जास्त राहिली होती.

'रांग १०. इथे संपते. नमुन्यात दहाच रांगा आहेत.'

मग अकरावी. जी पायऱ्यांवरून फरफटली ती. कापड विरलेलं, दोन चौकोन अर्धे गेलेले. माया मात्र आत होती, म्हणून अक्षर शाबूत. तुझे भाऊजी चष्मा पुसत होते म्हणून मीच वाचलं.

'रांग ११. ही नमुन्यात नाही. तिच्या पायांसाठी. तिचे पाय कायम बर्फासारखे असतात. लहानपणी रोज माझ्या पोटऱ्यांवर ठेवायची आणि मी ओरडले की म्हणायची, ओरडलीस की जास्त ऊब येते. आता मी शेजारी नसते.'

मोजायला चुकली नव्हतीस.

मी पंधरा मिनिटं तीच ओळ बघत बसले. तुझ्या भाऊजींनी घाबरून विचारलं, "बरं वाटतंय ना? रक्तदाब?" म्हणजे मी रचलेल्या आजारावर घरात एकाचा तरी विश्वास बसला होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात एक तक्रार आली. अकरा दिवस पाणी नाही. मी नेहमीचा मजकूर लिहायला घेतला आणि हात चालेना. मग लिहिलं: 'तुमच्याकडे अकरा दिवस पाणी नाही. चूक आमची आहे. मंगळवारी माणूस येईल.' साहेबांनी बोलावलं. "हे काय लिहिलंत?" म्हटलं, "उत्तर." ते म्हणाले, "अहो, चूक आमची असं लिहिलं तर लोकांना सवय लागेल." मी म्हटलं, "लागू दे. मला लागलीय." मंगळवारी माणूस खरोखर गेला, कारण मी स्वतः त्याला गाडीत बसवून दिलं. बुधवारी त्या गृहस्थांचं पत्र आलं: 'पाणी आले. आपले पत्र खरे आहे की कोणी थट्टा केली?'

आता दुरुस्तीचा बेत सांगते. अकरावी रांग टाकून द्यायची नाही, असं बाईंनी आणि मी दोघींनी एकदमच म्हटलं. विरलेल्या जागी तुझेच निळे तुकडे खालून लावलेत, डॉक्टरणीने टाके घालायला शिकवले. काकांनी नवा भराव कापून दिला, सुतभरही इकडेतिकडे नाही. आणि अकरावीच्या खाली मी आणखी एक रांग जोडतेय. बारावी. म्हणजे यापुढे काही फरफटलं तर आधी माझं फरफटेल.

ही रांग मी एकटी शिवतेय. पिवळी जास्त ठेवलीय.

ताई


१८ डिसेंबर

प्रिय खारू,

आमच्या वर्गाचं वार्षिक प्रदर्शन कालच झालं. वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये, पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवून. दोनशे नाही, सतरा गोधड्या, आणि एक माझी होडी. ती डॉक्टरणीने मला न विचारता लावली, खाली लिहिलं, 'टेबलासाठी. टेबल वाकडे असल्यास उत्तम.' माझी विद्या वर्गात पसरतेय.

तुझी गोधडी मधोमध टांगली. कार्ड मी लिहिलं. 'शिवली: धाकट्या बहिणीने. नासधूस व दुरुस्ती: थोरल्या बहिणीने. लागलेले तास: तिचे तिलाच ठाऊक.' पांढरे हातमोजे घालून मी तिच्याजवळ दिवसभर उभी राहिले. लोक म्हणायचे, "मागची बाजू दाखवता?" आणि मी दाखवायचे. नवं अस्तर नितळ आहे, आतलं काही दिसत नाही. एका लहान मुलीने विचारलं, "आत काय आहे?" काका म्हणाले, "सगळंच आत आहे."

संध्याकाळी बाई आल्या. हात फिरवत निघाल्या, पहिलीपासून अकरावीपर्यंत. अकरावीवर, जिथे मी तुकडे लावलेत, तिथेही हात थांबला नाही. खारू, थांबला नाही. मग बारावीवर आला. बाईंनी चष्मा लावला, काढला, आणि म्हणाल्या, "छान."

कबूल आहे. टाके तिरके आहेत, एक चौकोन उलटा बसलाय, कोपरे तू सांगितलंस तसे दाबले तरी दोन ठिकाणी भांडतात. बाई म्हणाल्या, "उसवा, अजून वेळ आहे." मी म्हटलं, "नाही उसवत." इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रांगेकडे, आणि विचारलं, "आत लिहिलंय?" मी मान डोलावली. म्हणाल्या, "मग ठीक. तिलाच उसवू दे."

काय लिहिलंय ते इथे सांगत नाही. बारा चौकोन होते आणि प्रत्येकाच्या मायेत जेमतेम एक ओळ मावते. बारा ओळींना मला दोन आठवडे लागले. एकही विनोद नाही, बघ शोधून सापडतो का. ते पुन्हा एकदा पत्रात लिहायची माझी हिंमत नाही.

गोधडी उद्या तुझ्याकडे निघतेय. कशात बांधायची यावर घरात दोन दिवस खल झाला. तुझ्या भाऊजींनी सुचवलं, "फ्रिजच्या खोक्यात घालूया." ते हल्ली विनोद करायला लागलेत, मी कमी करते म्हणून. शेवटी साध्या चादरीत, मग खोक्यात. थर्मासही सोबत आहे. रिकामा.

तू मला लिहू नकोस, फोन करू नकोस, माझ्यावर रागावलेलीच राहा, तुझी इच्छा. पण बारावी रांग तू बघशील, आणि इतकी वाकडी शिवण डोळ्यांसमोर ठेवून तू एक दिवससुद्धा काढू शकणार नाहीस. माझा सगळा भरवसा त्यावर आहे.

थंडी पडलीय. पाय गार आहेत.

ताई


९ जानेवारी

ताई,

खोकं मिळालं. बारावी रांग मिळाली. टाका कुठे लांब कुठे आखूड, धागा चुकीचा, इस्त्री केलेली दिसत नाही. चार दिवस दाराआड घडी करून ठेवली. पाचव्या दिवशी उसवली.

बाराही ओळी वाचल्या. 'दिलगीर' हा शब्द एकदाही नाही, ते बघितलं. विनोद शोधला. आठव्या चौकोनात एक आहे, पण तो तुला माहीत नसावा.

मजकूर राहू दे. शिवण पुन्हा करायची आहे. एकटी करू नकोस, परत होडी होईल. शुक्रवारी दुपारच्या गाडीने येते. गोधडी सामानात नसेल, प्रवासात अंगावर घेणार आहे. तुमच्या बाईंना सांग, वर्गात एक खुर्ची जास्त लागेल. क्रेनवाल्यांना सांग, ते गाढव माझं आहे, त्याला नावं ठेवायची झाली तर आधी मला विचारावं.

थर्मास भरून आणते.

सोबत एक छोटी गोधडीसुद्धा शिवून आणतेय. घाईत केलीय, सगळी पिवळी. ती फ्रिजला.

खारू